दहा पावलं मागे

माणसाने आपल्या स्वतःच्या बायकोबरोबर, आपल्या स्वतःच्या पायांनी, चार पावलं फिरायला जावं, यात सरकारचा, धर्माचा किंवा आमच्या गल्लीचा नेमका कोणता गुन्हा होतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. सदतीस सालच्या मे महिन्यापासून मी हा प्रश्न विचारतो आहे. उत्तर राहिलं बाजूला, लोक मला मावंद्याच्या जेवणातल्या वांग्याच्या भाजीची आठवण सांगतात. त्या भाजीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

ज्यांना आमच्या जळगावची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्याने निघाले की नवरा पुढे चालतो आणि बायको दहा पावलं मागे. हे अंतर कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोजायला सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असते. पाच पावलं झाली तर बायको डोक्यावर बसली. पंधरा झाली तर घरात भांडण आहे. एकदा पोळ्याच्या बाजारातून येताना मी सहज थांबलो, म्हटलं, हिला बरोबर येऊ द्यावं. तेवढ्यात शेजारचे झुलालनाना ओट्यावरून उठून खाली आले आणि माझ्या कपाळाला हात लावून विचारू लागले, "काय भाऊ, चक्कर वगैरे ऊनी का?" मागे ही दहा पावलांवर मुकाट उभी राहिली होती. मी पुढे चालू लागलो, तशी तीही चालू लागली.

आमच्या हिची चाल मुळातच संथ, अशी माझी अठरा वर्षांची समजूत होती. लग्न झाल्यापासून ही माझ्या मागेच आहे. ती कधी अंतर कमी करून आली नाही, कधी धापा टाकत आली नाही. बाईमाणूस, नऊवारी लुगडं, त्यात माहेर यावलचं, म्हणजे शेतकरी घर. तिथे फिरणं हा प्रकार कोणाला माहीत असणार, असं मला वाटे.

आदल्या वर्षी कचेरीचं दफ्तर पोचवायला मी सुरतेला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून कोणीतरी म्हणालं, डुमस बघून या, समुद्र आहे. तिथे संध्याकाळी काळ्या वाळूवर एक पारशी जोडपं फिरताना दिसलं. म्हातारा काठी टेकत होता, म्हातारी छत्री घेऊन त्याच्या शेजारून चालत होती, आणि दोघं बोलत होती. एवढंच. काय बोलत होती ते मला कळलं नाही, पण म्हातारी मधूनच हसत होती. मी तासभर वाळूत बसून त्यांच्याकडे बघत राहिलो. अठरा वर्षांत मी माझ्या बायकोशी चालता चालता एक वाक्य बोललेलो नाही, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. दहा पावलांवरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात हिला इथे आणायचं. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. रोज संध्याकाळी दोघांनी शेजारी शेजारी चालायचं. घरी आल्यावर मी एका कागदावर वीस दिवसांचं टिपणसुद्धा केलं. पहिल्या दिवशी अर्धा मैल, कारण हिला सवय नाही. मग हळूहळू वाढवत विसाव्या दिवशी तीन मैल. मोहल्ल्यातल्या बोहऱ्याकडून पांढऱ्या कॅनव्हासचे रबरी तळाचे बूट घेतले आणि ते वर्षभर ट्रंकेत लपवून ठेवले. हिला बेत सांगितला तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "शेजारी?" एवढंच म्हणाली. मग भाकरी करपली. आमच्या घरात त्याआधी भाकरी कधी करपली नव्हती.

आता ऐका, मी वीस दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला आणि त्यात खरं लिहिलं. तिथेच घोटाळा झाला. सरकारी कचेरीत खरं कारण लिहू नये, हे मला सतरा वर्षांच्या नोकरीनंतर कळायला हवं होतं.

"फिरण्यासाठी?" आमच्या चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं. "जीवरामभाऊ, माणूस रजा घेतो आजारासाठी, लग्नासाठी, मर्तिकासाठी. फिरायला आपला मेहरूणचा तलाव आहे की."

"साहेब, समुद्राकाठी फिरायचं आहे."

"मग पावसाळ्यात तलाव भरेपर्यंत थांबा."

अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'कारण सबळ नाही.' मी रागाने तो फाडणार होतो. चिटणिसांनीच मग हळू आवाजात सांगितलं, की 'यात्रेसाठी' असं लिहा, यात्रेला कोणी नाही म्हणत नाही. मी लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग पडलेला तो एक शब्द. अर्ज दुसऱ्यांदा परत आला, शेरा होता, 'सदर ठिकाणी देवता कोणती?' मी लिहिलं, 'समुद्र.' तिसरा शेरा आला, 'समुद्र ही देवता आहे किंवा कसे, याबद्दल दाखला जोडावा.' मग मारुतीच्या देवळातल्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी समुद्र देवता असल्याचा दाखला सहीनिशी दिला, पण वर म्हणाले, दाखला यात्रेचा आहे, तेव्हा परतल्यावर मावंदं घालावं लागेल. यात्रेहून आलेल्या माणसाने गावाला जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे मावंदं म्हणतात. मी हो म्हणालो. या पत्रव्यवहारात वीसातले दहा दिवस गेले. शेवटी दहा दिवसांची रजा मंजूर झाली.

हे सगळे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेत होता आमचा शिपाई निंबा. निंबा आमच्याच गल्लीत राहतो. त्याच्या पोटात पाणी राहत नाही, तिथे समुद्र कसा राहणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर दारात झुलालनाना.

झुलालनाना म्हणजे कापसाचे दलाल. पन्नाशी उलटलेली, मूळचे अमळनेरकडचे, डोक्याला लाल रुमाल. जगातली अशी एक गोष्ट नाही जिच्याबद्दल त्यांना माहिती नाही, आणि अशी एकही नाही जी त्यांनी पाहिली आहे.

"भाऊ, यात्राले चालनात आन् आमले सांगं बी नही?"

"नाना, यात्रा नाही हो. जरा हवाबदल..."

"आम्हले बठ्ठं मालूम शे. गुरुजीना दाखला शे तुमनाजोडे." नाना ओट्यावर बसले. "समिंदर म्हंजे काय, मोठी तापी. दुसरं काय? मी येस संगे. तुमले तठला रस्ता कोन दावाव?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. "यात्राले जानारानी कोनले नही म्हनू नही. पाप लागस." हा नियम आमच्याकडे खरोखर आहे. आणि आमच्या हिचा पाप या गोष्टीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. ती आतून चहा घेऊन आली, नानांपुढे ठेवला, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिची पाठ बघूनच मला कळलं की आता नाना येणार.

दुपारी भिकुबाई आल्या. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या विधवा. पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तापीमाय समिंदरले जठे भेटस, तठे माले लई चाल. तेरा वरीस व्हयनात, तुना आबानी राख मी तापीमां सोडी. त्या तठेच गयात व्हतीन. एकदाव भेटी येस."

आबा म्हणजे त्यांचे यजमान. मी चिडून आत गेलो आणि पाणी पिऊन बाहेर आलो. म्हणालो, "चला."

मग नारळ आले. यात्रेकरूबरोबर गल्लीतल्या प्रत्येक घराने आपला नारळ द्यायचा, यात्रेकरूने तो त्या घराचं नाव घेऊन देवाला वाहायचा. एक्केचाळीस नारळ. मी कारकून माणूस, मी प्रत्येक नारळावर शाईने नाव घातलं आणि यादी केली. वाजंत्री लावून गल्लीने आम्हाला स्टेशनावर पोचवलं. कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूचे हार, पुढे मी, मागे दहा पावलांवर ही. तापी व्हॅलीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्या अंगावर इतका गुलाल होता की टी. सी. ने मला तिकीट विचारलं नाही, नमस्कार केला.

डुमसला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. पहिल्याच संध्याकाळी मी ट्रंकेतून बूट काढले. पायात घालणार, तोच नाना ओरडले, "भाऊ, तीर्थना गावमां वहान?" यात्रेकरूने तीर्थात अनवाणी राहायचं असतं म्हणे. मी म्हणालो, मी पायात घालणार. भिकुबाईंनी कपाळावर हात मारला. मी बूट हातात घेऊन निघालो. काळी वाळू दिवसभर तापलेली असते. अनवाणी त्यावरून चालणं म्हणजे तव्यावरून चालणं. माझे नवे बूट माझ्या हातात, आणि पाय भाजताहेत. मी त्या यात्रेत पहिल्यांदा मोठ्याने शिवी दिली. ती सरकारला दिली की नानांना, हे मलाही नक्की सांगता येत नाही.

पाण्यापाशी पोचलो. हिने समुद्र पाहिला. ती पदर दातांत धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहणार, तोच नाना म्हणाले, "आधी देव, मंग बाकी." एक्केचाळीस नारळ यादी वाचून, घराचं नाव घेऊन, एकेक समुद्रात टाकला. तासभर लागला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर किनाऱ्यावर ओळीने नारळ पडलेले.

आता इथे आमची चूक समजून घ्या, आणि हसू नका. आम्ही खानदेशची माणसं. आमच्या तापीत, गिरणेत, वाघूरमध्ये टाकलेली वस्तू गेली की गेली. पाणी पुढे जातं, ते मागे येत नाही. दिवसातून दोनदा पाणी परत येतं, ही गोष्ट आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हती. नानांनी नारळ हातात घेतला, उलटसुलट केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "देवनी लिधं नही. कोनाना तरी मनमां खोट शे."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कबूल करतो, माझ्या मनात खोट होतीच. मी यात्रेला आलोच नव्हतो. पण ते नानांना कसं सांगणार? आम्ही ते एक्केचाळीस नारळ परत टाकले. शाई धुऊन गेली होती, त्यामुळे कोणता नारळ कोणाचा हे कळेना. नानांनी नवा नियम काढला, की प्रत्येक नारळाच्या वेळी सगळ्या एक्केचाळीस घरांची नावं घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चौतीस नारळ परत. तिसऱ्या दिवशी एकोणतीस. भरतीच्या वेळी आम्ही पाण्यापाशी बूट ठेवून नावं वाचत बसलो होतो, वळून पाहतो तर माझे बूट लाटेवर चालले होते, एकमेकांशेजारी. मी गुडघाभर पाण्यात धावलो, पण ते गेले. नारळ रोज परत आले. बूट मात्र देवाने एका झटक्यात स्वीकारले.

आणि संध्याकाळी काय, म्हणाल, तर भिकुबाई. तापीची खाडी डुमसपासून दीड-दोन मैल. म्हातारीला रोज तिथे जायचं. वाळूत त्यांचा पाय रुतायचा, म्हणून त्यांनी माझा दंड धरला. तो सातही दिवस सोडला नाही. मी आणि भिकुबाई हातात हात घालून, शेजारी शेजारी, गोगलगाईच्या चालीने चाललो आहोत, पुढे नाना जगाची माहिती सांगताहेत, आणि मागे दहा पावलांवर ही पिशवीत नारळ घेऊन. अशी आमची मिरवणूक. तेच पारशी जोडपं समोरून आलं. म्हाताऱ्याने टोपी उचलली आणि म्हातारी कौतुकाने मला म्हणाली, "बहु सरस. मा ने फेरववा लाव्या?" माझ्या वीस दिवसांच्या टिपणाचा हा शेवट. आईला फिरवायला आणलंय, बहु सरस. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली असेल.

भिकुबाईंवर मला रागावता येत नव्हतं, हे अजून वाईट. पहिल्या दिवशी खाडीवर पोचल्यावर त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. मग म्हणाल्या, "तापीमाय खारी व्हयी गयी." आणि लगेच, "बरं व्हयनं. तुना आबाले भाजीमां कितीबी मीठ टाकं तरी कमीच पडे. आते पुरं व्हयनं व्हई." असं म्हणून हसल्या आणि रडल्याही. मी दुसरीकडे तोंड केलं. ही मागे उभी होती, तिनेही डोळे पुसले. मग म्हातारीने पुन्हा माझा दंड धरला आणि आम्ही परत फिरलो, अंधार पडायच्या आत पोचू की नाही अशा वेगाने.

आठव्या दिवशी एक कोळी जाळं सुकवत बसला होता. तो आठ दिवस आमचा हा कार्यक्रम पाहत असणार. शेवटी त्याला राहवलं नाही. "काका," तो नानांना म्हणाला, "भरतीमां नाखो तो पाछुं ज आवे ने. ओटमां नाखो." पाणी ओसरत असताना नारळ टाका, एवढीच गोष्ट. त्या दुपारी ओहोटीला उरलेले नारळ टाकले. एकही परत आला नाही. नाना म्हणाले, "माले मालूमच व्हतं. पन वेळ येवानी लागस."

नवव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी, देणं फिटलं होतं, नारळ गेले होते, भिकुबाईंची आबांशी भेट झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. मी धर्मशाळेच्या ओट्यावर उभा राहून म्हणालो, "आज मी आणि ही, दोघंच फिरायला जाणार आहोत."

नाना चपापले. "दोन्हीच? कसाले? काय भांडन व्हयनं का?"

बस. अठरा वर्षांचं, सतरा वर्षांच्या नोकरीचं, नऊ दिवसांच्या अनवाणी पायांचं जे काय साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी नानांना सांगितलं की मी यात्रेला आलो नव्हतो. मला देव नको होता, नारळ नको होते, नाना तर मुळीच नको होते. मला माझ्या बायकोच्या शेजारून चालायचं होतं, चालता चालता तिच्याशी बोलायचं होतं, तेवढ्यासाठी मी दोनशे मैल आलो आणि तेवढंच सोडून सगळं केलं. धर्मशाळेतली गुजराती मंडळी दारांतून बघू लागली. नानांचा चेहरा असा झाला, जसं मी देवळातली घंटा चोरल्याचं कबूल करतो आहे. ही भिंतीला टेकून उभी होती, लालेलाल.

भिकुबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मंग फिर ना. कोन धरस तुले? सात दिन मना हात धरीसन कसाले फिरना?"

मी तरातरा निघालो. रागाने मी किती चाललो कोणास ठाऊक. वाळू, शिंपले, कोळ्यांच्या होड्या मागे पडल्या. मी मनात नानांशी भांडत होतो, चिटणिसांशी भांडत होतो, समुद्राशीसुद्धा भांडलो. अर्धा-पाऊण मैल झाल्यावर आठवलं, अरे, मी हिच्याबरोबर फिरायला निघालो होतो. थांबलो, वळलो.

ती दहा पावलांवर उभी होती.

मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं, ती एक पाऊल मागे सरली. मी अजून एक, तिनेही एक. सगळा किनारा रिकामा होता, दूरवर माणूस नव्हतं, आणि ही बाई माझ्यापासून अंतर राखून मागे मागे जात होती. माझा संताप पुन्हा उसळला. "अगं, शेजारी ये की. कोणी बघत नाहीये. का तुला चालवतच नाही भराभरा? लग्नापासून बघतो आहे, इतकी संथ चाल तुझी."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, कीव होती.

"संथ?" ती म्हणाली. "मी?"

मग तिने लुगड्याचा काष्टा नीट खोचला, पदर कमरेला बांधला, आणि चालू लागली. धावली नाही, नुसती चालली. माझ्या अंगावरून पुढे गेली आणि जातच राहिली. मी मागे लागलो. दोनशे पावलांत मला धाप लागली. ती एवढीशी दिसू लागली. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, बरगडीत कळ आली होती. बऱ्याच वेळाने ती परत येताना दिसली, त्याच चालीने, डोक्यावर काही नाही तरी मान अशी ताठ, जसं डोक्यावर घागर आहे. येऊन समोर थांबली. तिला दमसुद्धा लागला नव्हता.

"मी यावलची हाये," ती म्हणाली. "केळीच्या मळ्यातून घरी दोन कोस, डोक्यावर पाटी घेऊन, दिवसातून दोन खेपा. लग्नाआधी मले आमच्या गावात कोणी चालायला हारवलं नई." मग थोडं थांबून, "तुमच्या मागं दहा पावलं ठेवायले किती सांभाळून चालावं लागते, तुमाले काय मालूम. तुम्ही मधीच थांबता, पानाच्या दुकानाकडं बघता, परत निघता. अठरा वर्ष झाली."

मी वाळूत बसलो. मी खिशातलं वीस दिवसांचं टिपण काढलं, 'पहिल्या दिवशी अर्धा मैल, कारण हिला सवय नाही,' ते वाचलं आणि चुरगळून लाटेत फेकलं. म्हणावं तर ओहोटी होती की भरती, ठाऊक नाही, पण ते परत आलं. तिने उचललं आणि कमरेला खोचलं. तेवढ्यात दुरून नाना हाका मारत आले, टांगा ठरवायचा होता. ती माझ्या मागे सरकली. दहा पावलं. सवयीने.

जळगावला स्टेशनावर पुन्हा वाजंत्री. मावंदं झालं. आख्खी गल्ली जेवली, चिटणीस जेवले, गुरुजी दोनदा जेवले. नानांनी सगळ्यांना समुद्राची माहिती दिली, भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, जणू ती त्यांनीच सुरू केली होती. वांग्याची भाजी म्हणे फार छान झाली होती. मी खाल्ली नाही.

जेवणं आटोपल्यावर जोडीने मारुतीला जाऊन यायची रीत. गेलो, दर्शन घेतलं, परत निघालो. पारापासून आमच्या घरापर्यंत साठ-सत्तर पावलं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर जेवून सुस्तावलेली मंडळी. मी पुढे, ही मागे. आणि मला तिची चाल ऐकू येऊ लागली. अठरा वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती. सावकाश, मुद्दाम सावकाश, एकेक पाऊल आवरून टाकलेलं. माझं डोकं भणभणलं. मी वेग वाढवला, मागची चाल तेवढीच वाढली. मी जवळजवळ पळू लागलो. वळून पाहिलं, दहा पावलं. धाप मलाच लागली होती.

मी भर रस्त्यात थांबलो. तीही थांबली.

"ये," मी म्हणालो.

"लोक बघतात," ती म्हणाली.

"मी थांबलोय."

नाना ओट्यावरून उठले. "काय भाऊ, चक्कर वगैरे..."

"नाना, खाली बसा," मी म्हणालो. तेवढ्यात मागून सरकीच्या पोत्यांची बैलगाडी आली. गल्ली अरुंद, मी मध्ये उभा, गाडीवाला ओरडू लागला. समोरच्या ओट्यावरून भिकुबाईंनी हिला खणखणीत हाक दिली, "व बेबा, जाय व माय पुढे. तो मेला तठेच उभा ऱ्हाई, बैल ताटकळी जातीन."

सगळ्या गल्लीसमोर ती दहा पावलं चालून आली. माझ्या शेजारी थांबली, पदर सारखा केला. मग आम्ही निघालो. ओट्यांवर कोणी खोकलं नाही, कोणाचा अडकित्ता वाजला नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, वर्षभर ठरवून ठेवलेलं, पण धापेमुळे शब्द फुटेना. अर्ध्या वाटेवर तीच म्हणाली, खालच्या आवाजात, शेजारच्या माणसाला ऐकू येईल एवढ्याच, "सावकाश चाला. मी हाये बरोबर."